हरकत आहे, साहेब



मी मॅट्रिक झालेला, गोदीत बोजा उचलणारा. कायद्यावर बोलायला मला उभं केलंत म्हणजे वकील मिळाला नसणार.

आमच्या टोळीतल्या म्हाताऱ्याला ठेकेदारानं तोंडी काढलं. कामगार कोर्टात पहिल्याच तारखेला ठेकेदाराचा काळा कोट उभा. साहेबांनी विचारलं, यांच्या वकिलाला हरकत आहे का? म्हातारा हात जोडून म्हणाला, "नाय साहेब, माझी कसली हरकत." झालं! 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 36 सांगत होतं, समोरच्याची संमती आणि कोर्टाची परवानगी, दोन्ही असल्याशिवाय वकील नाही. दाराची कडी मजुराच्या हातात होती, त्यानंच ती काढून दिली. हात जोडायची सवय पिढ्यांची. 21 नोव्हेंबर 2025 ला तो कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता आली, संमतीची अट तिच्यातही आहे.

मालक येडा नाही. पारादीप बंदराच्या खटल्यात 1976 साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, वकील कंपनीचाच अधिकारी किंवा मालक-संघटनेचा पदाधिकारी असला तर संमती लागत नाही. पण नुसता पैसे घेऊन लढणारा वकील अधिकारी होत नाही, हेही म्हणालं. तेव्हा विचारायचं, नेमणुकीचा कागद दाखवा.

मग म्हाताऱ्याच्या केसमध्ये आलं, वर्षात 240 दिवस भरलेच नाहीत. ते सिद्ध करायचं ओझं कामगारावर, हे सुप्रीम कोर्टानं 2002 साली ठरवलंय. आणि हजेरीपट कुणाच्या कपाटात? मालकाच्या! तो हजर करा असा अर्ज टाकता येतो. म्हाताऱ्याला कुणी सांगितलं नाही.

आता कडू गोष्ट. तो वकील आपलाच. आपल्या वस्तीतला, स्कॉलरशिपवर शिकलेला, 14 एप्रिलला मिरवणुकीत माझ्या पुढं चालणारा. मी गाठलं त्याला. म्हटलं, दादा, 1938 साली मजुरांचा संप गुन्हा ठरवणाऱ्या बिलाविरुद्ध बाबासाहेबांनी 7 नोव्हेंबरला संप पुकारला. तुम्ही कुणाकडून उभे?

तो म्हणाला, "हे तू बामण वकिलाला विचारशील का? पाच वर्षं टेबल लावून बसलो. तुझ्या युनियननं एक तरी केस दिली?"

मला उत्तर आलं नाही. आमच्या युनियनचा वकील कोण, कुठला, मी कधी बघितलंच नव्हतं. गद्दार म्हणून मोकळं होणं सोपं होतं. चहाचे पैसे त्यानंच दिले. तरी म्हाताऱ्याची रोजी गेली ती गेलीच, हेही मी त्याला सुनावलं.

मंगळवारी पुढची तारीख आहे. हजेरीपटाचा अर्ज मी लिहिलाय, अक्षर बरं आहे माझं. पाळी बुडवून जाणार. कोण येतंय?