निश्चिंतीचें गाणें

कांहीं गाणीं ऐन भरांत गाजतात आणि ऋतु पालटतांच विस्मृतींत जातात. कांहीं मात्र वर्षें लोटलीं तरी ओठांवरून उतरत नाहींत. ईगल्स या चौघां अमेरिकन गायक-वादकांच्या संचाचें 'टेक इट ईझी' हें गाणें दुसऱ्या जातीचें आहे. सबुरीनें घ्यावें, एवढाच त्या नांवाचा अर्थ. 1 मे 1972 रोजीं तें प्रसिद्ध झालें आणि 'बिलबोर्ड'च्या यादींत बाराव्या क्रमांकापर्यंत चढलें. पहिलें स्थान त्याला कधींच लाभलें नाहीं. परंतु त्याच्या मागून आलेलीं अनेक अव्वल गाणीं लोक विसरले, हें विसरले नाहींत.

त्याचा जन्मच मुळीं अडचणींतून झाला. लॉस एंजेलिस येथील जॅक्सन ब्राऊन हा तरुण कवि-गायक गाणें अर्धें रचून दुसऱ्या कडव्यापाशीं अडला. त्याच इमारतींत राहणाऱ्या ग्लेन फ्राय यानें तें पुरें केलें. अॅरिझोनांतील विन्स्लो गांवच्या कोपऱ्यावर एक प्रवासी उभा आहे आणि मालमोटारींतून जाणारी तरुणी त्याला पाहण्यासाठीं वेग कमी करते, हें चित्र फ्रायनें पूर्ण केलें.

गाण्यांतील हा प्रवासी मुळींच निश्चिंत नाहीं. अनेक स्त्रियांचे पाश त्याच्या मागें आहेत, मनावर ओझें आहे, आणि म्हणूनच तो पळत सुटला आहे. सबुरीचा उपदेश तो जगाला करीत नाहीं, स्वतःलाच करतो. स्वररचनेंतही हेंच द्वंद्व आहे. कंठ संथपणें गातात. पण लंडनमधील ध्वनिमुद्रणाच्या वेळीं निर्माते ग्लिन जॉन्स यांच्या सूचनेवरून बर्नी लेडन यानें वाजविलेला बँजो खालून दुप्पट लयींत धांवत असतो. वरचें पाणी शांत आणि तळाशीं ओढ, अशी ही नदी आहे.

विन्स्लोची कथाही निराळी नाहीं. रूट 66 या जुन्या महामार्गावर नांदणारें हें रेल्वेचें गांव नवा रस्ता बाहेरून गेल्यावर ओस पडूं लागलें. कोणी थांबेनासें झालें, तेव्हां ज्या गाण्यांत मोटारीचा वेग मंदावतो, त्याचाच आधार गांवानें घेतला. 1999 सालीं तेथें कोपऱ्यावर एक लहानसें उद्यान झालें. गिटार घेतलेला कांस्यपुतळा उभा राहिला आणि भिंतीवर ती लाल मालमोटार रंगविली गेली. 2016 च्या जानेवारींत फ्राय निवर्तला; त्याच वर्षीं त्याचाही पुतळा तेथें बसविण्यांत आला. गांवावरून निघून जाणारे प्रवासी आतां मुद्दाम वाट वांकडी करून तेथें थांबतात.

ज्याला चिंता नाहीं, त्याला निश्चिंतीचें गाणें लागत नाहीं. ओझें वाहणाऱ्यालाच घटकाभर तें खालीं ठेवण्याची अनुज्ञा हवी असते. हें गाणें ती अनुज्ञा देतें. ओझें नाहींसें करण्याचें वचन मात्र देत नाहीं. या प्रामाणिकपणामुळेंच त्याचा गोडवा टिकून राहिला आहे.