तरुणांचे समाधान आणि गावकीचे काम
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच पार पडला, याचा आम्हां सर्वांस आनंद आहे. परंतु आज आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत ते या यादीत ज्यांचे नाव नाही त्यांच्याविषयी. शिक्षण अर्धवट राहिलेले, कधी ऊसतोडीला तर कधी शहरात बांधकामावर जाणारे आपले मुलगे आणि मुली संमेलनास फारसे येत नाहीत. आले तरी मंडपाच्या कडेला उभे राहून निघून जातात. आपली कोणास गरज नाही, ही भावना त्यांच्या मनात घर करून बसली आहे. उपासमार शरीरास झिजविते. ही भावना माणसास आतून पोखरते.

तिचे मूळ जुने आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला व पुढे तो देशभर पसरला. पूर्वजांनी नावे नोंदवावी, हजेरी द्यावी, परवान्यावाचून हलू नये, असा तो जाच होता. सोलापुरास तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि आपण विमुक्त ठरलो. कायदा गेला, संशय मात्र उरला. विमुक्तांतील लेखक लक्ष्मण माने यांच्या ज्या आत्मकथनास १९८१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याचे नावच ‘उपरा’ आहे. उपरेपणाची ही जाणीव आजच्या विशीतल्या तरुणासही सुटलेली नाही.

यावर उपाय कोणता? दानधर्माने पोट भरेल, पण उपरेपण जाणार नाही. ज्या गावाने आपणांस शिवेबाहेर ठेविले, त्या गावाच्या कामात हक्काने वाटा उचलणे हाच उपाय आम्हांस दिसतो. वयाची १८ वर्षे पूर्ण होताच मतदारयादीत नाव येऊ शकते. त्या यादीत नाव असणारा प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद होय. आणि महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरवावी लागते. वस्तीचा नळ, दिवा, रस्ता, घरकुलांची यादी हे विषय तेथेच निघतात. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपये भरून केलेल्या अर्जास सामान्यतः ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

जातीच्या दाखल्याचेच पाहा. विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. पालात राहून गावोगाव फिरणाऱ्या आजोबांजवळ तो कोठून असणार? अशा वेळी जुन्या शाळांचे दाखले धुंडाळणारा, अर्ज लिहिणारा, म्हाताऱ्यांस तहसील कचेरीत नेणारा तरुण वस्तीस हवा असतो. दहावी नापास झालेला मुलगाही हे काम उत्तम करील. ज्या दिवशी शेजारची आजी त्याचे नाव घेऊन त्यास शोधीत येईल, त्या दिवसापासून त्याची मान ताठ होईल.

कोणी म्हणतील, आधी पोट, मग गावकी. हे म्हणणे खोटे नाही. परंतु रेशनकार्ड, घराची जागा, दाखला ही पोटाचीच साधने असून ती मागितल्यावाचून मिळत नाहीत. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. एकटा मुलगा ग्रामसभेत उभा राहिला आणि त्यास हिणवून खाली बसविले, तर तो घाव आधीच्या एकटेपणाहून खोल जाईल. म्हणून एकट्यास पाठवू नये. पाच जणांनी मिळून जावे, मुलींनीही जावे, बरोबर एक वडील माणूस असावा. प्रश्न आधी कागदावर लिहून न्यावा आणि परतल्यावर सर्वांनी एकत्र बसून बोलावे. या सोबतीतच अर्धे समाधान आहे.

हा पाठ घरापासून सुरू व्हावा, म्हणून आमची सूचना अशी की, आपल्या कार्यकारी मंडळात दोन जागा पंचविशीच्या आतील, पदवी नसलेल्या तरुण-तरुणींस द्याव्या आणि सत्काराच्या यादीत पुढील वर्षापासून वस्तीचे काम करणाऱ्यांचीही नावे घालावी. ज्यास आपल्या मंडपात बसावयास जागा मिळेल, तो गावच्या सभेतही उभा राहील.