बालवाडीची पारख
(पालकांच्या सभेत केलेले भाषण)



आज मी विद्यापीठाविषयी नव्हे, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शाळेविषयी बोलणार आहे. अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटण्याचे ठिकाण, शिक्षण हवे असेल तर कर्ज काढून खाजगी शिशुवर्ग गाठावा, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. ती तपासण्यासाठी गेल्या महिन्यात काही पालकांसह मी आपल्या उपनगरातील तीन सार्वजनिक ठिकाणे पाहिली.

पहिली अंगणवाडी भाड्याच्या एका खोलीत भरते. जागा अपुरी, परंतु सेविका प्रत्येक मुलाला नावानिशी ओळखते. गाणी, गोष्टी, चिंचोके मोजणे चालते, वजनाची नोंद दरमहा होते. दुसरी नगरपालिकेची बालवाडी. इमारत पक्की, नळाला पाणी. पण चार वर्षांची मुले तासभर पाटीवर अक्षरे गिरवीत बसलेली. तिसऱ्या ठिकाणी जागा होती, खेळणी होती. मात्र आपल्या वस्तीतील मुले दाराशी वेगळ्या ओळीत होती. कारण विचारता उत्तर मिळाले, “ती पहिल्यापासून तिथेच बसतात.”

जागेची अडचण ही उणीव होय; वेगळी ओळ हा अन्याय होय. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याप्रमाणे शिक्षणसंस्थेत अस्पृश्यतेच्या कारणावरून भेदभाव करणे हा गुन्हा आहे. चार वर्षांचे मूल कायदा वाचीत नाही. आपल्याला कोठे बसविले, हे मात्र ते जन्मभर विसरत नाही.

आता हक्क कोणते ते ऐका. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पोषण, लसीकरण आणि आरोग्यतपासणी यांच्या जोडीला शालापूर्व शिक्षणही तिच्यात आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या बालकाला विनामूल्य आहार देणे बंधनकारक केले. म्हणून ती खिचडी भीक नव्हे. शिक्षणाचा मूलभूत हक्क मात्र सहाव्या वर्षापासून आहे. त्याखालील मुलांसाठी ४५ वा अनुच्छेद राज्याला प्रयत्न करण्यास सांगतो. कायदा जेथे सौम्य आहे, तेथे पालकांनी जागरूक राहिले पाहिजे.

ज्या वस्तीत अंगणवाडीच नाही, तिने स्वस्थ बसू नये. सहा वर्षांखालील ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिला. मुलांची यादी करा, आदेशाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

शाळा पाहताना चार प्रश्न विचारा: मूल खेळते की नुसते गिरवते? आहार रोज मिळतो काय? वजन नोंदले जाते काय? सर्व मुले एका गोलात बसतात काय? चौथ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर मूल काढून घेऊन घरी परतू नका. परतलात तर ती ओळ तशीच राहील आणि उद्या तेथे शेजाऱ्याचे मूल बसेल. आम्ही त्या तिसऱ्या ठिकाणाविषयी लेखी तक्रार दिली आहे. तिच्यावर आपल्याही सह्या हव्यात.

जय भीम!