अस्वल, मासे आणि कमरेचे पिस्तूल

मासे धरणे हा मौनाचा छंद आहे, अशी समजूत फार जुनी आहे. गळ टाकून बसलेला माणूस बोलत नाही, खोकला आला तरी तो दाबतो, आणि शेजाऱ्याने हाक मारली तर बोटाच्या खुणेने उत्तर देतो. परंतु सगळीकडचे पाणी सारखे नसते. पाण्याकाठी माशांवाचून दुसरेही कोणी येत असते; आणि ते दुसरे कोण, यावर मच्छीमाराने जवळ काय बाळगावे हे ठरत असते.

चेन्नईच्या दक्षिण भागात वेलचेरी नावाची वस्ती आहे. एके काळी ते तळ्याकाठचे खेडे होते. आज शहराने त्याला चोहोंकडून वेढले आहे. जवळच गिंडीचे राष्ट्रीय उद्यान आहे, त्याचे क्षेत्र अवघे पावणेतीन चौरस किलोमीटरांचे. दुसऱ्या बाजूस पळ्ळीकरणैची विस्तीर्ण पाणथळ आहे. गिंडीच्या रानात चितळ आहेत, काळवीट आहेत; अस्वल मात्र नाही. तेथे पाण्याकाठी बसणाऱ्याने जपायचे ते सापाला. त्यासाठी पायांत जाड बूट, हातात काठी आणि अंधार पडल्यावर विजेरी एवढा सरंजाम पुरतो. वेलचेरीच्या तळ्यावर कोणी कमरेला पिस्तूल लावून गळ टाकू लागला, तर लोक त्याला हसतील.

अमेरिकेच्या अलास्का प्रांतात मात्र कोणी हसणार नाही. तेथील नद्यांमध्ये सामन मासे समुद्रातून प्रवाहाविरुद्ध चढून येतात. त्यांच्यासाठी माणूस नदीत उतरतो, आणि त्यांच्याचसाठी तपकिरी अस्वलही उतरते. एकाच ताटावर दोघे जेवायला बसल्यासारखा हा प्रकार आहे. म्हणून तेथील पुष्कळ मच्छीमार एखादे छोटे हत्यार अंगावर बाळगतात. लांब नळीची बंदूक अधिक बलवान हे खरे, परंतु दोन्ही हात गळाच्या काठीत गुंतलेले असतात आणि बंदूक मागे झाडाला टेकवून ठेवलेली असते. संकटाच्या वेळी झाडाजवळची बंदूक आणि घरातली बंदूक यांत फारसा फरक नाही. याकरिता जाणकार सांगतात की हत्यार अंगावरच असावे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहावे लागते म्हणून ते कमरेला न लावता छातीवरच्या म्यानात असावे. मॅग्नम जातीचे ·३५७ किंवा ·४४ मापाचे रिव्हॉल्व्हर, नाही तर दहा मिलिमीटरचे पिस्तूल असावे. आणि गोळी पसरणारी नव्हे, तर जड, टणक, खोल शिरणारी असावी. कारण अस्वलाची चरबी, जाड स्नायू आणि हाडे भेदून तिला आत पोहोचायचे असते.

हा सल्ला कितपत खरा ठरतो, हे टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिले. अलास्कात १८८३ ते २००९ या काळात माणसाजवळ बंदूक किंवा पिस्तूल असताना अस्वलाशी गाठ पडल्याच्या २६९ प्रसंगांचा त्यांनी अभ्यास केला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध केला. छोटी हत्यारे वापरली गेली तेथे शेकडा ८४ वेळा अस्वल थोपवता आले, लांब बंदुकींनी शेकडा ७६ वेळा. म्हणजे हत्यार निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. परंतु त्याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट दिसली, आणि ती अधिक विचार करायला लावणारी आहे. जवळून झालेल्या गाठीभेटींत ज्यांनी हत्यार चालवले आणि ज्यांनी जवळ असूनही चालवले नाही, त्या दोघांना इजा होण्याचे प्रमाण सारखेच होते. याच संशोधकांनी त्यापूर्वी, २००८ साली, मिरचीतल्या तिखट द्रव्याच्या फवाऱ्याचा अभ्यास केला होता. असा फवारा जवळ बाळगणाऱ्या शंभरांतील अठ्ठ्याण्णव माणसांना अस्वलाशी निकट गाठ पडूनही इजा झाली नव्हती. फवाऱ्याला अचूक नेम लागत नाही. समोर तिखटाचा ढग उभा राहिला की पुष्कळदा काम होते. गोळीला नेम लागतो, आणि भेदरलेल्या माणसाचा हात स्थिर नसतो.

आता महाराष्ट्राच्या पूर्वेकडे यावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत शेकडो जुने तलाव आहेत. सरकारी दप्तर त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणते. लोकांच्या तोंडी त्यांचे मामा तलाव झाले आहेत. त्यांतील अनेक तलाव कोहळी समाजाने बांधले, आणि त्यांतील मासे पिढ्यान्‌पिढ्या ढीवर समाज धरीत आला आहे. कित्येक तलावांची एक कड गावाकडे, तर दुसरी रानाकडे असते. येथला मच्छीमार हौशी नव्हे. रोहू, कतला, मरळ जाळ्यात आले तर त्याची चूल पेटते. तो पहाटे निघतो, पुष्कळदा एकटा निघतो, आणि रानाच्या कडेने चालतो. उन्हाळ्यात पाणी आटत जाते, तसे माणूस आणि जनावर त्याच उरलेल्या पाण्याकडे ओढले जातात. त्याच दिवसांत मोहाची फुले गळू लागतात, आणि मोहफूल अस्वलाला अत्यंत प्रिय.

हे अस्वल सामन धरणारे नव्हे. १७९१ साली जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञाने त्याची लांब नखे पाहून त्याला झाडाला लोंबकळणाऱ्या आळशी प्राण्याच्या वंशात घातले. चूक पुढे दुरुस्त झाली, पण इंग्रजी नावात तो आळस अजून शिल्लक आहे. वस्तुतः हे जनावर मोठे उद्योगी. लांब नखांनी ते वारूळ फोडते, आणि वरच्या जबड्यातील मधले दोन दात नसल्यामुळे झालेल्या फटीतून वाळवी ओढून घेते. डोके वारुळात, लक्ष वाळवीत, अशा स्थितीत माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. आणि कळते तेव्हा ते पळण्यापेक्षा पुष्कळदा अंगावरच येते. ज्या रानात वाघ आहे तेथे या अस्वलाने पिढ्यान्‌पिढ्या समोरच्यावर चालून जाऊनच आपला जीव वाचवला आहे. पाठीवर पिले घेतलेली मादी असेल तर विचारूच नये.

या हल्ल्यांचे स्वरूप किती भयंकर असते, याची साक्ष शेजारच्या प्रदेशातून मिळते. छत्तीसगढ वेगळे होण्यापूर्वीच्या मध्य प्रदेशात, एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत, ७३५ माणसांवर अस्वलांनी हल्ले केल्याची नोंद आहे. त्यांतील ४८ माणसे दगावली. बाकीची वाचली, पण हे अस्वल बहुधा डोक्यावर आणि चेहऱ्यावर वार करते. एखाद्याचा डोळा जातो, एखाद्याचा जबडा, आणि तो चेहरा घेऊन त्याला उरलेले आयुष्य बाजारात, देवळात, लग्नघरात वावरावे लागते.

अशा ठिकाणी कमरेचे पिस्तूल काय करील? झुडूप आणि माणूस यांत दहा पावलांचे अंतर, ओले हात, खांद्यावर जाळे. म्यानातून हत्यार निघायच्या आत अस्वल छातीवर आलेले असते. जखमी अस्वल अधिक चवताळते, आणि घाईत सुटलेली गोळी सोबत्यालाही लागू शकते. शिवाय कायदा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून पिस्तूल बाळगता येत नाही, आणि परवान्यावर सामान्य नागरिकाला मिळते ते बहुधा ·३२ मापाचे, म्हणजे अलास्कातील जाणकार अस्वलासाठी कधी निवडणार नाहीत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अभयारण्यात परवानगीवाचून शस्त्र नेण्यास मनाई केली आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने जनावर मारावे लागले, तर तो गुन्हा ठरत नाही. मात्र त्या वेळी तो माणूस त्याच कायद्याविरुद्ध काही करीत असता कामा नये.

तेव्हा निवड करायची ती वेगळ्या साधनाची. अस्वल चवताळते ते अचानक गाठ पडल्यामुळे. म्हणून गाठ अचानक पडू न देणे, हाच खरा बचाव. गुजरातेत घंटा बांधलेल्या काठीचा प्रयोग झाला आहे. काठी जमिनीवर टेकली की घंटा वाजते, आणि माणूस येत असल्याची वर्दी पुढे जाते. काठी मजबूत असली तर प्रसंगी आडही धरता येते. दोघातिघांनी मिळून चालावे, दाट झुडपे आणि खडकांच्या कपारी टाळाव्यात, ताजे उकरलेले वारूळ दिसले तर वाट बदलावी. कुत्रा बरोबर नसलेला बरा. तो अस्वलाला डिवचतो आणि घाबरून मालकाच्याच पायाशी परत येतो. आणि एवढे करूनही अस्वल अंगावर आलेच, तर पालथे पडून दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावी व चेहरा जमिनीकडे ठेवावा. चेहरा वाचवणे हेच तेव्हा मुख्य.

येथे मच्छीमार शंका घेईल की बोलत गेले तर मासे पळतील. ही शंका सृष्टीच्या नियमाला धरून नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळून जवळजवळ सगळाच परत फिरतो. त्याच्या शक्तीचा हजारांत एखादाच भाग पाण्यात उतरतो. माशाला बिथरवतात ते काठावर आपटलेले पाय आणि डोंग्याच्या फळीवरचा ठोका, कारण तो कंप पाण्यात थेट शिरतो. म्हणून पाऊल हलके ठेवावे आणि आवाज मोकळा सोडावा. पहाटे तलावाकडे निघालेल्या दोन ढिवरांनी वाटेने मोठ्याने बोलावे, गावगप्पा माराव्यात, गाणे म्हणावे. पाण्यातल्या रोहूला ते ऐकू जात नाही. वारुळात डोके घातलेल्या अस्वलाला ऐकू जाते, आणि त्याला वेळीच बाजूला होता येते.