मुलाचें पहिलें इंग्रजी वाचन



घरीं लहानग्यास इंग्रजी वाचावयास शिकविणाऱ्या आईबापांस व थोरल्या भावंडांस माझें थोडेंसें सांगणें आहे. देवनागरींत बहुधा जें अक्षराचें नांव, तोच त्याचा उच्चार. इंग्रजींत तसें नाहीं. तेथें अक्षरें २६, परंतु ध्वनि सुमारें ४४. ‘सी’ हें अक्षर ‘कॅट’मध्यें ‘क’ होतें, ‘सिटी’मध्यें ‘स’. म्हणून केवळ अक्षरांचीं नांवें घोकवूं नका. क्, ॲ, ट् असे ध्वनि ऐकवून ते जोडावयास लावा. शब्दाचा अर्थ आधीं मराठींत सांगा. अर्थावांचून वाचन म्हणजे निव्वळ पोपटपंची. मूल अडखळलें तर थांबा, हंसूं नका. एकदां लाजलेलें मूल पुस्तक मिटतें, आणि तें त्याच्याकडून पुन्हां उघडविणें फार कठीण. रोज १५ मिनिटेंच द्या, पण तीं मायेनें द्या.