पाण्याखालचा सोबती



पावसाळा सरला की शुक्रवारी रात्री आमच्या पुण्यातल्या खराडीच्या आयटी पार्कमधून कितीतरी गाड्या मालवणच्या वाटेला लागतात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रशिक्षकाच्या आधारानं पहिली बुडी मारणारे त्यात पुष्कळ. काहीजण पुढे तारकर्लीला, एमटीडीसीच्या संस्थेत, रीतसर स्कूबा शिकतात. मग हात धरायला प्रशिक्षक नसतो, जोडीदार असतो.

मी आधी निवडला तो पट्टीचा पोहणारा. एकदा खाली माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. ते काढून पाहतो तर हा माशांच्या थव्यामागे पार दिसेनासा झालेला. पाणी गढूळ होतं. मिनिटभरात तो परतला, पण ते मिनिट मी विसरलेलो नाही.

आता सोबत असते माझी एक सहकारी. ती सावकाश पोहते. उतरण्याआधी माझं जॅकेट, वजनांचा पट्टा, सिलिंडरची झडप स्वतः हात लावून तपासते. दर वेळी, पहिल्याच खेपेसारखी. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, हवाही दुप्पट वेगानं संपते, आणि माझी तर तिच्याआधीच संपत येते. दोनशे बारवर सुरू केलेला माझा काटा पन्नासवर यायच्या आत आम्ही दोघं वर असतो. तिच्याकडे हवा शिल्लक असते, तरी त्याबद्दल तिनं कधी चकार शब्द काढलेला नाही. जमिनीवर अंगठा दाखवला की 'छान', पाण्यात त्याचा अर्थ 'वर चला'. त्याला ती अंगठ्यानंच उत्तर देते. का, ते बोटीवर आल्यावर, वाटलं तर.

गेल्या डिसेंबरात रविवारी आमच्या दोन बुड्या झाल्या. सोमवारी सकाळी माझी मीटिंग होती, म्हणून रात्रीच आंबोली घाट चढायचा माझा हट्ट. आंबोली जवळपास सातशे मीटर उंच, पुणंही साडेपाचशेवर. बुडीत अंगात मुरलेला नायट्रोजन उंचावरच्या विरळ हवेत बुडबुडे होऊन सांध्यांत, मज्जारज्जूत त्रास देऊ शकतो. विमानाआधी अठरा तास थांबायचं हे मला पाठ होतं. घाटाचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं गाडीची किल्ली मागून घेतली आणि खानावळीत आणखी एका रात्रीचं सांगून आली. सोमवारी दुपारी जेवून आम्ही निघालो.