मूळगाव आणि मातीवरील हक्क
(बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



मुंबईत स्थायिक झालेली आपली अनेक कोकणी कुटुंबे उन्हाळ्यात मूळगावी जातात. आपणही जाल, तेव्हा तेथील सौंदर्य डोळे भरून अवश्य पाहावे. जांभ्या दगडाची पायवाट, उतरणीवरील भातखाचरे, माडांच्या सावलीतील घरे, यांवर कोणा एका जातीची मालकी नाही. त्या खाचरांचे बांध घालणाऱ्या हातांत आपल्या आजापणजांचेही हात होते. परंतु या वैभवातून त्यांच्या पदरात काय पडले, हेही त्याच डोळ्यांनी पाहावे. आपली वाडी गावाच्या कोणत्या टोकास आहे? तिच्यापासून विहीर किती दूर आहे? तेथे जाणारी वाट कोणाच्या जमिनीतून जाते?

डॉ. बाबासाहेबांचे मूळगाव आंबडवे हे कोकणातच, मंडणगड तालुक्यात आहे. ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत परखड उत्तर दिले. मात्र केवळ टीका करून ते कधीच थांबले नव्हते. कोकणात सरकार आणि रयत यांच्यामध्ये खोत उभा होता आणि रयतेच्या कष्टाचे फळ तो नेत होता. ही पद्धत नष्ट करण्यासाठी बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली आणि कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्या कुळास मालक होण्याचा मार्ग मोकळा केला.

तथापि, कायद्याने दिलेला हक्क दप्तरात नोंदला गेला नाही, तर वाद उत्पन्न होताच तो सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून गावी गेल्यावर जमिनीचा सातबारा उतारा काढावा. आजोबांचे नाव कब्जेदार म्हणून लागले आहे, की अद्याप इतर हक्कांत कूळ म्हणूनच आहे, हे तपासावे. कूळकायद्याच्या कलम ३२ म चे खरेदी प्रमाणपत्र घरात आहे काय, याची वडीलधाऱ्यांकडे चौकशी करावी. वारसनोंद करताना बहिणींची नावे गाळू नयेत. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि मुलगी ही त्यात वारस आहे. समतेचा आग्रह आपण गावाकडे धरतो, तो प्रथम आपल्या घरच्या उताऱ्यात दिसला पाहिजे.

रजा संपण्यापूर्वी एवढे काम अवश्य करावे. ज्यांना कागदांचा अर्थ लागणार नाही, त्यांनी ते पुढील सभेस घेऊन यावेत. आपण सर्व एकत्र बसून ते वाचू.

जय भीम!